खुळखुळ्याचें ऋण

गेल्या उन्हाळ्यांत कन्नड येथें एका आप्तांच्या घरीं लग्नास जाण्याचा योग आला. सायंकाळीं वरात निघाली. पुढें बँड व मागें डीजेची गाडी, असा हल्लींच्या रिवाजाप्रमाणें दुहेरी थाट होता. बँडवाले दम खाण्यास थांबले तेव्हां गाडीवरून एक स्पॅनिश गाणें सुरू झालें. त्यांतील एकहि शब्द त्या जमावांत कोणास कळत असेल असें आम्हांस वाटलें नाहीं. परंतु पोरें नाचूं लागलीं, आणि पाहतां पाहतां नवरदेवाच्या मावशीहि पदर खोचून त्यांत मिसळल्या.

आमच्या शेजारीं वधूपक्षाकडील एक वडील गृहस्थ उभे होते. त्यांची सारी हयात शाळेंत मुलें शिकविण्यांत गेलेली. ते खिन्नपणें म्हणाले, "बुडालें हो आपलें संगीत! काल आलेलें हें परकें गाणें, आणि आज तें आपल्या वरातींत!" त्यांचा पुतण्या पुण्यास शिकतो. तो म्हणाला, "काका, हें लॅटिन संगीत आहे. आज सारें जग हें ऐकतें. आपणच तेवढें मागें कां राहावें?" काकांनीं यावर उत्तर दिलें नाहीं, फक्त उपरणें सांवरलें.

मतभेद तीव्र होता. पण एका गोष्टीविषयीं दोघांचें एकमत होतें. हें संगीत आपल्याकडे काल आलें, असें दोघेहि धरून चालले होते. आणि नेमके तेथेंच दोघेहि चुकत होते. त्यांच्या चुकीचा पुरावा त्यांच्यापासून दहा पावलांवर उभा होता. बँडच्या पुढल्या रांगेंत साठीकडे झुकलेला एक कृश मनुष्य दोन हातांत दोन खुळखुळे घेऊन उभा होता. त्याचा बँड थांबला होता, तरी गाडीवरील गाण्याच्या लयीबरोबर त्याचें मनगट आपोआप हालत होतें. हे खुळखुळे म्हणजे क्यूबा बेटांतील 'माराकास'. सुकलेल्या भोपळ्यांत बिया भरून त्यास दांडी बसविलेलें हें वाद्य. आमच्या लग्नाच्या बँडांत तें कित्येक वर्षें वाजत आहे. पण तें तेथें कोठून आलें, हा प्रश्न वरातींत नाचणाऱ्यानें विचारला नाहीं आणि नाकें मुरडणाऱ्यानेंहि विचारला नाहीं. आम्हीं तो त्या रात्रीं स्वतःस विचारला, आणि त्याच्या पाठोपाठ जें सुचलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम 'लॅटिन संगीत' म्हणजे काय तें पाहूं. हें नांव ढोबळ आहे. लॅटिनपासून निघालेल्या स्पॅनिश व पोर्तुगीज या भाषा अमेरिका खंडाच्या ज्या भागांत बोलल्या जातात, तेथील सर्व संगीत या एका नांवाखालीं कोंबलें जातें. ब्राझीलचा सांबा, अर्जेंटिनाचा टँगो, क्यूबाचा रुंबा हे एकाच घरचे म्हणणें म्हणजे लावणी, गरबा व भांगडा एकाच घरचे म्हणण्यासारखें आहे. तथापि त्यांत एक समान धागा आहे. उंसाच्या मळ्यांवर राबण्यासाठीं आफ्रिकेंतून गुलाम करून आणलेल्या माणसांचे ढोल आणि त्यांच्या धन्यांचीं युरोपीय गाणीं व गिटार, यांच्या संकरांतून यांतील पुष्कळसें संगीत जन्मास आलें. क्यूबांत गुलामगिरी १८८६ सालीं संपली. म्हणजे पुढें ज्यांनीं जगास नाचविलें त्यांचे आजेपणजे विकत घेतलेले मनुष्य होते. हें ध्यानांत ठेवलें तर या संगीताच्या उल्हासास केवळ चैन म्हणण्याचें धाडस होत नाहीं.

या संगीताचें मर्म लयींत आहे, आणि तें समजण्यास आपणांस परक्या गुरूची गरज नाहीं. वाचकांनीं तीनतालाच्या सोळा मात्रा बोटांवर मोजाव्या. आपली टाळी पहिल्या, पांचव्या व तेराव्या मात्रेवर, आणि नववी खाली. आतां त्याच सोळा मात्रांत पहिली, चौथी, सातवी, अकरावी व तेरावी या पांच मात्रांवर टाळी वाजवून पाहावी. क्यूबाच्या 'सोन' नांवाच्या गायनप्रकारांत हाच पांच ठोक्यांचा आकृतिबंध सर्व वाद्यांस बांधून ठेवतो. त्यास 'क्लावे' म्हणजे किल्ली असें नांव आहे. गंमत अशी, कीं आपल्या तालाची सम आणि तेरावी या दोन ठिकाणीं दोन्ही टाळ्या गळाभेट घेतात. मधल्या वाटेंत मात्र क्लावे आपल्यास सतत हुलकावणी देतो. पहिल्या आठ मात्रांकडेच पाहिलें तर आपला केरवा चार अधिक चार असा सरळ चालतो, तर ही लय तीन, तीन, दोन अशी लचकत चालते. मात्रा त्याच, घर तेंच. चालण्याची ढब निराळी. दिंडीतील भजनी ठेका ज्याच्या कानांत आहे, त्यास ठोक्यानें सरळ न पडतां मधल्या जागा रिकाम्या ठेवून डुलत पडावें यांत नवल वाटत नाहीं. आमच्या मतें हें संगीत इकडे इतक्या सहज रुजलें याचें एक कारण येथें आहे. पाहुणा दारांत आला तेव्हां त्याच्या मापाचा पाट घरांत आधींच मांडलेला होता.

आतां पाहुणा आला कसा? १९३० सालीं न्यूयॉर्क येथें दोन आस्पियासू यांच्या क्यूबन वाद्यवृंदानें 'एल मानिसेरो' हें गीत ध्वनिमुद्रित केलें. शेंगदाणे विकणाऱ्या फेरीवाल्याची आरोळी हाच त्याचा विषय. कन्नडच्या आठवडेबाजारांत ऐकूं येते तसलीच ती हांक. पण तिनें अमेरिकेंत रुंब्याचें वेड पसरविलें. तें वेड तबकड्यांबरोबर व चित्रपटांबरोबर देशोदेशींच्या मोठमोठ्या हॉटेलांत शिरलें. मुंबईच्या अशा हॉटेलांत जे वादक होते त्यांत गोमंतकीय पुष्कळ होते. पोर्तुगीज अमलांत चर्चला जोडलेल्या शाळांतून गोव्यांतील मुलांस पाश्चात्य स्वरलेखन वाचण्याचें शिक्षण पिढ्यान्पिढ्या मिळत आलें होतें. त्या एका विद्येच्या बळावर हीं माणसें संस्थानिकांच्या बँडांत, बोटींवर आणि हॉटेलांत पोटापाण्यास लागलीं. आणि बोलपट आल्यावर दिवसा स्टुडिओंत व रात्रीं हॉटेलांत वाजवूं लागलीं. लॅटिन लय हिंदी चित्रपटांत आली ती मुख्यतः या वाटेनें.

तीस दार उघडून देणारांत एक अग्रेसर पुरुष आमच्याच मुलखाचा होता. रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांचा जन्म १९१८ सालीं पुणतांबें येथें झाला. कन्नडच्या शेजारच्या वैजापूर तालुक्यांतून गोदावरी ओलांडली कीं हा मुलूख लागतो. पुण्यास विनायकबुवा पटवर्धनांपाशीं त्यांनीं शास्त्रीय गायनाचे धडे घेतले. अशा मनुष्यानें १९५१ सालच्या 'अलबेला' चित्रपटांत बोंगो, ट्रंपेट व सॅक्सोफोन यांच्या मेळांत 'शोला जो भडके' हें गीत बांधलें, आणि तें पडद्यावर नाचले आमचे मास्टर भगवान. ट्रंपेट वाजविणारे आंतोनियो शावियेर वाझ, ज्यांस मुंबई 'चिक चॉकलेट' या नांवानें ओळखत असे, ते गोव्यांतील हळदोण्याचे. रामचंद्रांचे ते साहाय्यक होते आणि या चित्रपटांत आपल्या वादकांसह दिसतातहि. बोंगो, कोंगा इत्यादि तालवाद्यें हिंदी चित्रपटांत आणण्याचें श्रेय कावस लॉर्ड या पारशी वादकांस दिलें जातें. एक नगर जिल्ह्याचा मराठा मुलुखांतला ब्राह्मण, एक गोव्याचा ख्रिस्ती, एक मुंबईचा पारशी, आणि लय क्यूबाची. अशा पंक्तींतून तें गाणें उठलें, आणि तेथून तें बँडवाल्यांच्या कर्ण्यांतून गल्लोगल्लीं गेलें. त्याच्याबरोबर खुळखुळेहि गेले.

येथें टीकाकाराचें खरें काम सुरू होतें. कारण परकें घेतलें एवढ्यावरून निंदाहि होत नाहीं व स्तुतिहि होत नाहीं. तें कसें घेतलें, हें पाहिलें पाहिजे. याच रामचंद्रांचें १९५० सालच्या 'समाधि' चित्रपटांतील 'गोरे गोरे' हें गीत घ्या. त्याची चाल १९४५ सालच्या 'डॉल फेस' या अमेरिकन चित्रपटांतील एका गीतावरून उचललेली आहे. तें गीत पोर्टो रिकोच्या एका पोराविषयीं होतें, लिहिणारे व चाल लावणारे अमेरिकन होते, आणि गाणारी कार्मेन मिरांडा पोर्तुगालांत जन्मून ब्राझीलांत वाढलेली होती. म्हणजे जें मुळांतच हॉलिवुडनें केलेलें लॅटिन संगीताचें सोंग होतें, त्याचें आपण दुसरें सोंग केलें. लता मंगेशकर व अमीरबाई कर्नाटकी यांच्या कंठांमुळें तें गोड झालें यांत संशय नाहीं. पण तें उसनें तें उसनेंच राहिलें.

ओ. पी. नय्यर यांचें 'आर पार' (१९५४) मधील 'बाबूजी धीरे चलना' हें याच्या एक पायरी वरचें. त्याचा आरंभ ओस्वाल्दो फार्रेस या क्यूबन रचनाकाराच्या १९४७ सालच्या 'किसास, किसास, किसास' या गीतावरून घेतला आहे. मूळ गीतांत प्रेमिक विचारतो आणि प्रिया प्रत्येक वेळीं 'कदाचित्' एवढेंच म्हणते. हिंदींत त्याच घुटमळणाऱ्या स्वरांवर प्रेमाच्या वाटेनें जपून चालण्याचा इशारा आला आहे. मुळांतील अनिश्चितपणा येथें सावधगिरी झाला. आणि गीता दत्त यांच्या आवाजांतील तिरकसपणामुळें त्या सावधगिरीसहि फसव्या निमंत्रणाची कळा आली. चाल दुसऱ्याची, पण अर्थ आपला, असा हा व्यवहार आहे.

'शोला जो भडके' या दोहोंहून निराळें आहे. त्यांत लय परक्या घरची. पण तिच्यावर बसविलेली चाल इतकी साधी व तोंडांत बसणारी आहे कीं ती कोणास शिकवावी लागत नाहीं. आणि भगवानदादांचा नाच पाहावा! तें अंग तालमींतलें, स्थूल. पाय फारसे उचलत नाहींत. खांदे व कंबर हींच काय तीं हालतात. निष्णात नर्तकाचें कौशल्य त्यांत नाहीं, म्हणूनच तो नाच कोणाहि मनुष्यास आपला वाटला. गणपतीच्या मिरवणुकींत आजहि जो मनुष्य हात वर करून खांदे उडवितो, तो नकळत त्यांचाच शिष्य असतो. उचल, रूपांतर आणि पचन या तीन पायऱ्या आम्ही मानतों. आणि त्यांत पचनास श्रेष्ठ मानतों. पचलेलें अन्न अंगास लागतें, तें अन्न म्हणून वेगळें दिसत नाहीं.

पण पचनाची एक दुसरी बाजू आहे, आणि तीच आमच्या मनास लागून राहिली आहे. जें पचतें त्याचें नांवहि पुसलें जातें. संगीतकाराचें नांव तबकडीवर आलें. ज्यांनीं रात्ररात्र जागून वाद्यमेळाचीं पानें लिहिलीं, त्यांतील फारच थोड्यांचीं नांवें श्रोत्यांपर्यंत पोंचलीं. अँथनी गोन्साल्विस हे माजोर्ड्याचे थोर व्हायोलिनवादक व वाद्यमेळरचनाकार. त्यांचें नांव देशाच्या तोंडीं आलें तें १९७७ सालीं, शिष्य प्यारेलाल यांनीं 'अमर अकबर अँथनी' मधील एका विनोदी गीतांत तें गुरुदक्षिणा म्हणून गुंफलें तेव्हां. आणि तेंहि कोणा खऱ्या मनुष्याचें नांव आहे हें बहुतेकांस कळलें नाहीं. फार्रेस यांचें नांव तर घेतोच कोण? वाद्य आमच्या वरातींत आलें, त्याचा गांव मात्र वेशीवरच राहिला. म्हणूनच कन्नडच्या त्या काकांस तें परकें वाटलें आणि पुतण्यास नवें वाटलें.

त्या काळीं या संगीतास विरोध झाला नाहीं असें नाहीं. १९५२ ते १९६२ या काळांत केंद्रीय नभोवाणीमंत्री असलेले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे निस्सीम भक्त. १९५२ सालीं आकाशवाणीवर राष्ट्रीय संगीतसभा सुरू झाली. अभिजात गायन त्यांच्या कारकीर्दींत घरोघर पोंचलें, याबद्दल महाराष्ट्रानें त्यांचें ऋणी असावें. परंतु याच काळांत चित्रपटगीतें आकाशवाणीवरून जवळजवळ नाहींशीं झालीं. परिणाम काय झाला? श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि १९५७ सालीं 'विविध भारती' सुरू करून सरकारास तीं गाणीं परत आणावीं लागलीं. दोन मराठी माणसें, एक गोदाकांठचा व एक पुण्याचा, दोघेहि अभिजात संगीत जाणणारे. एकानें दार उघडलें, दुसऱ्यानें लावून घेतलें. आम्ही केसकरांच्या हेतूस दोष देत नाहीं. पण अभिरुचि ही फाटक लावून घडत नाहीं, चांगलें पुनःपुन्हां कानांवर पाडून घडते, आणि हें त्यांच्याच संगीतसभेनें सिद्ध केलें आहे.

आतां आजच्या लाटेकडे वळूं. १९५१ सालचें येणें व आजचें येणें यांत एक मोठा फरक आहे. तेव्हां लॅटिन संगीत जगांत शिरलें तें आपली भाषा दाराबाहेर ठेवून. आतां तें आपल्या भाषेसह येतें. जानेवारी २०१७ मध्यें पोर्टो रिकोच्या लुइस फोन्सी व डॅडी यँकी यांचें 'देस्पासितो' प्रसिद्ध झालें. अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादींत तें सोळा आठवडे पहिलें राहिलें व त्या वेळच्या उच्चांकाशीं त्यानें बरोबरी केली. आणि यूट्यूबवर तीन अब्ज वेळां पाहिलें जाण्याचा टप्पा गांठणारें तें पहिलें गीत ठरलें. पुढें जस्टिन बीबर या इंग्रजी गायकास त्यांत सामील व्हावेंसें वाटलें तेव्हां त्यानें इंग्रजी कडवें जोडलें खरें, पण ध्रुपद त्यास स्पॅनिशमध्यें गावें लागलें. त्याच बेटांतील 'बॅड बनी' नांवानें गाणाऱ्या तरुणाचा 'उन वेरानो सिन ती' हा संग्रह २०२२ सालचा. ग्रॅमीच्या वर्षांतील सर्वोत्तम अल्बमसाठीं नामांकन मिळालेला हा पहिला स्पॅनिश संग्रह होय. ज्या बेटाची ही गोष्ट आहे त्याची लोकसंख्या २०२० च्या गणनेंत सुमारें तेहतीस लक्ष होती. २०११ च्या गणनेप्रमाणें आमच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याची सदतीस लक्ष आहे!

या गाण्यांतील 'रेगेटोन' नांवाची लय घरंदाज म्हणून मिरविणारी नव्हे. जमैका, पनामा व पोर्टो रिको यांच्या गरीब वस्त्यांत ती वाढली. १९९५ सालीं पोर्टो रिकोच्या पोलिसांनीं दुकानांतून या संगीताच्या ध्वनिफिती जप्त केल्या होत्या. म्हणजे फाटक लावण्याचा प्रयोग तेथेंहि झाला, आणि निष्पत्ति तीच झाली. तिची घडण पाहिली तर जुनी ओळख पटते. आठ मात्रांपैकीं पहिली व पांचवी यांवर भरदार ठोका, आणि चौथी व सातवी यांवर टोचणारा हलका ठोका. म्हणजे आपला सरळ केरवा आणि ती तीन, तीन, दोनची लचक, हीं दोन्ही एकाच वेळीं वाजतात. 'देस्पासितो' या शब्दाचा अर्थ 'हळूहळू'. आणि ध्रुपदांत तो शब्द येतो तेव्हां लयहि क्षणभर रेंगाळते. आरंभीं पोर्टो रिकोचें 'क्वात्रो' हें जोडतारांचें वाद्य आपल्या बेटाची साक्ष देऊन जातें. शब्द, लय व वाद्य यांचा असा मेळ जमला कीं भाषेची भिंत आड येत नाहीं.

तथापि आम्ही या संगीताचे भाट नाहीं. क्लावेमध्यें जी हुलकावणी होती, ती यंत्रावर कांपून काढलेल्या या ठेक्यांत पुष्कळ कमी झाली आहे. शंभर गाणीं एकापुढें एक लावलीं तर ठेका बदलल्याचें कळूं नये, इतका एकसुरीपणा त्यांत आला आहे. आणि अनेक गीतांतील शब्द न कळणें हेंच वरातींतील वडीलधाऱ्यांचें भाग्य म्हटलें पाहिजे. तें सर्व खरें असूनहि एक गोष्ट त्यांच्यापासून शिकण्यासारखी उरतेच.

ती अशी. २०१६ सालीं नागराज मंजुळे यांचा 'सैराट' आला. अजय-अतुल यांचें 'झिंगाट' करमाळ्याकडल्या बोलींत, कोणतीहि सारवासारव न करतां, गाइलें गेलें. मराठीचा गंध नसलेल्या लोकांनीं तें आपल्या लग्नांत वाजविलें. २०१८ सालीं 'धडक' या हिंदी चित्रपटांत त्याच संगीतकारांनीं तेंच गाणें हिंदी शब्दांत पुन्हां दिलें. चाल तीच, ठेका तोच. पण त्या बोलीबरोबर त्यांतील गांवची धूळ गेली आणि धांगडधिंगा तेवढा उरला. आम्हीं त्या रात्रीं कन्नडास पाहिलें, कीं स्पॅनिश गाण्यानंतर गाडीवाल्यानें 'झिंगाट' लावलें तें मूळ मराठी. तें लागतांच काकांचा पायहि किंचित् हालला. आम्हीं पाहिलें नाहीं असें दाखविलें.

कोणी म्हणेल, स्पॅनिश ही कोट्यवधि लोकांची व अनेक राष्ट्रांची भाषा. तिच्याशीं मराठीची बरोबरी कसली? हा आक्षेप विचार करण्यासारखा आहे. स्पॅनिशामागें अमेरिकेंतील धनिक बाजारपेठ आहे हेंहि नाकारतां येत नाहीं. परंतु २०११ च्या गणनेंत मराठी आपली मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लक्ष होते. संख्येची ही गरिबी नव्हे. गरिबी आहे ती धीराची. आपलें गाणें मोठें व्हावयाचें तर त्यानें हिंदीचा अगर इंग्रजीचा अंगरखा घातला पाहिजे, असें आमच्या गाणाऱ्यांस व निर्मात्यांस वाटत आलें आहे. लॅटिन संगीताचा सत्तर वर्षांचा प्रवास याच्या उलट साक्ष देतो. अंगरखा चढवून तें आलें तेव्हां त्यास वाहवा मिळाली, पण त्याचें नांव कोणी विचारलें नाहीं. स्वतःच्या वेषांत आलें तेव्हां त्याचें नांवहि लोकांनीं शिकून घेतलें.

वरात मांडवापाशीं पोंचल्यावर आम्ही त्या खुळखुळेवाल्याशीं बोललों. हें वाद्य कोठलें, असें विचारतां तो म्हणाला, "आपलंच की, दादा. बँडाचं. मी पोरगा होतो तवापासून वाजवतोय. माझ्या आधी माझा चुलता वाजवायचा." तें क्यूबाचें आहे असें आम्हीं त्यास सांगितलें. त्यानें खुळखुळा उलटा करून पाहिला, जणूं कोठें तसें लिहिलें आहे कीं काय; मग हंसून म्हणाला, "असंल. पर आता हितलंच झालं नव्हं." काका व पुतण्या जवळच उभे होते. पुतण्यानें खुळखुळा मागून घेतला व वाजवून पाहिला; त्यास तें जमेना. म्हाताऱ्यानें त्याचें मनगट धरून एकदोन वेळां दाखविलें.

त्या म्हाताऱ्याचें म्हणणें आम्हांस मान्य आहे. आलेलें वाद्य येथलेंच झालें आहे. आमची वाचकांस विनंति एवढीच, कीं पुढल्या वरातींत तें ऐकूं आलें तर मुलांस त्याचा मूळ गांव सांगावा, आणि तें आणणाऱ्या वाझ, लॉर्ड व चितळकर यांचीं नांवेंहि सांगावीं. घरीं आलेल्या पाहुण्याचें नांव ठाऊक असणें हा आपल्याकडे साधा शिष्टाचार समजला जातो.